माळ्यावरची पाकिटं

आमच्या सिंहगड रस्त्यावरच्या घरात माळ्यावर सहा खोकी आहेत. त्यांत झिपवाले छापील पाऊच आहेत, नऊ हजारांच्या आसपास. दर दिवाळीच्या साफसफाईला ती खोकी खाली येतात, पुसली जातात आणि पुन्हा वर जातात. टाकून का देत नाहीस, असं सासूबाई विचारतात. मी म्हणते, फी भरल्याची पावती कुणी टाकतं का?

ही फी कशाची होती ते सांगते. घरगुती खाद्यपदार्थांचा धंदा सुरू करण्याच्या विचारात असलेल्या, आणि त्यासाठी रात्री जेवणं झाल्यावर मोबाइलवर बाजाराचा 'अभ्यास' करणाऱ्या मंडळींना याचा उपयोग होईल.

मी वीस वर्षं हिशेब खात्यात काढली. समोर आकडा आला की आधी त्याला नमस्कार, मग बाकीचं, अशी सवय. २०२२ संपता संपता नोकरी सोडली आणि फराळाचं काहीतरी करायचं ठरवलं. तेवढ्यात २०२३ उजाडलं. संयुक्त राष्ट्रांनी ते वर्ष भरडधान्यांचं म्हणून जाहीर केलेलं होतं. १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात त्यांच्यासाठी 'श्रीअन्न' हा शब्द आला आणि जो तो 'मिलेट, मिलेट' करू लागला. मी गूगल ट्रेंड्स उघडलं, 'मिलेट्स' टाकलं, पाच वर्षांचा आलेख मागवला. चार वर्षं जमिनीलगत सरपटणारी रेघ आणि मग एकदम भिंत. त्या भिंतीत मला पिशव्या घेऊन उभी राहिलेली गिऱ्हाइकं दिसली.

आता त्या आलेखाबद्दल. त्यातला १०० हा आकडा माणसांचा नसतो. तुम्ही निवडलेल्या काळात आणि प्रदेशात त्या शब्दाचा एकूण शोधांमधला वाटा जेव्हा सर्वांत जास्त होता त्या क्षणाला १०० म्हणतात, आणि बाकीचं सगळं त्याच्या तुलनेत. म्हणजे शंभर माणसांनी शोधलं काय किंवा एक कोटींनी शोधलं काय, शिखर शंभरचंच. शून्य दिसलं तर कुणीच शोधलं नाही असंही नाही. मोजण्याजोगं शोधलं नाही, एवढंच. शिवाय ही सगळी मोजणी नमुन्यावरची. हिशेबनिसाला हे आधी कळायला हवं होतं, पण रेघ वर जाताना पाहून मीही खाली लिहिलेलं वाचलं नाही.

आणि खाली तर खजिना होता. आलेखाच्या तळाशी, लोक त्याबरोबर आणखी काय शोधतात, त्याची यादी येते. मी ती वाचली ती नुकसान झाल्यावर. 'मिलेट्स म्हणजे काय', 'मिलेट्सला मराठीत काय म्हणतात', 'मिलेट्सचं आंतरराष्ट्रीय वर्ष', असले प्रश्न. खरेदीचा वास असलेला एखाददुसराच. माझा भाचा तेव्हा नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता. त्याला विचारलं, "तू कधी सर्च केलं होतंस का रे हे?"

"तीन-चारदा, मावशी. चालू घडामोडींत हमखास येणार होतं."

"आणि खाल्लंस कधी?"

"छे. मेसमध्ये बुधवारी भाकरी असते, तेवढीच."

भाकरी ज्वारीची होती. त्याला नाही, पण मला तिथे लख्ख उजेड पडला. माणूस जे ठाऊक नाही ते शोधतो आणि जे ठाऊक आहे ते विकत घेतो. ज्वारी कुठे मिळते, हे पुण्यात कुणी गूगलला विचारत नाही. ते वाण्याला विचारतात, किंवा विचारतही नाहीत, नुसतं "दोन किलो" म्हणतात.

फसणारी मी काही पहिली नाही. खुद्द गूगलने २००८ मध्ये लोकांच्या शोधांवरून फ्लूची साथ ओळखण्याचा एक उपक्रम सुरू केला होता. २०१२-१३ च्या हिवाळ्यात त्याचा अंदाज अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य यंत्रणेच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला आणि २०१५ मध्ये तो उपक्रम बंदच झाला. एक मोठा संशय असा होता की साथीच्या बातम्या वाचून धडधाकट माणसंही लक्षणं शोधत सुटली होती. माझ्या मिलेट्सचं नेमकं हेच झालं. फ्लूच्या ठिकाणी अर्थसंकल्प घाला, झालं.

ट्रेंड्स बघितलं त्याच रात्री मी कीवर्ड प्लॅनरही उघडलं होतं. जाहिरातदारांसाठीचं ते साधन. तिथे माझ्या शब्दापुढे 'स्पर्धा : कमी' असं दिसलं आणि मी नवऱ्याला झोपेतून उठवून सांगितलं की या धंद्यात अजून कुणी नाही. त्या रकान्याचा अर्थ एवढाच असतो की त्या शब्दावर जाहिरात लावायला फार लोक बोली लावत नाहीत. दुकानात तुमच्या शेजारी किती पाकिटं उभी आहेत, याचा त्याच्याशी संबंध नाही. नवरा बिचारा "छान" म्हणून पुन्हा झोपला.

तर माल ठरला : ज्वारी-नाचणीची चकली. पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'मिलेट स्नॅक', कारण आलेखात तोच शब्द चढला होता. २०२३ च्या गणपतीआधी कर्वे रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात प्रदर्शनात टेबल घेतलं. पहिल्याच दिवशी एक काकू आल्या, चष्मा वर करून पाकीट वाचलं आणि म्हणाल्या, "हे मिलेट म्हणजे कशाचं पीठ?"

"ज्वारी आणि नाचणी, काकू."

"मग तसं लिहा की. ज्वारी लिहायची लाज वाटते का?"

त्यांनी एक पाकीट घेतलं. माझ्यावर उपकार म्हणून घेतलं हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. संध्याकाळपर्यंत असा संवाद दहा-बारा वेळा झाला. म्हणून पहिला सल्ला हा : शब्द तपासायचा असेल तर तो जितक्या प्रकारे लिहिला जातो तितक्या प्रकारे तपासा. ज्वारी देवनागरीत, रोमनमध्ये, हिंदीतला ज्वार, जोवार. नाचणी, नागली, रागी. ट्रेंड्समध्ये पाच शब्द एकाच वेळी शेजारीशेजारी ठेवता येतात. भारत काढून महाराष्ट्र निवडा. आणि ते झालं की मोबाइल खिशात टाकून चार बायकांना पाकीट हातात द्या आणि गप्प बसा. त्या पहिला प्रश्न कुठला विचारतात तो लिहून घ्या. तो प्रश्न म्हणजे तुमच्या पाकिटावरची चूक.

दुसरी चूक सांगताना मला अजून कसंतरी होतं, कारण ती घरात भिंतीवर टांगलेली होती. २०२२ च्या आलेखात 'चकली' हा शब्द ऑक्टोबरच्या मध्यावर उसळलेला. मी २०२३ चं वेळापत्रक त्यावरून बेतलं आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माल तळून ठेवला. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे ते १२ नोव्हेंबरला गेलं, आणि माझा तळणाचा पंधरवडा चक्क पितृपंधरवडा होता. दुकानदार म्हणाला, "ताई, आत्ता कोण घेणार? दसरा होऊ द्या." दसरा होऊन दिवाळीची गर्दी लागेपर्यंत निम्म्या पाकिटांना खवट वास यायला लागला होता. कालनिर्णय दाराशेजारीच होतं. सासूबाईंना विचारलं असतं तरी चाललं असतं.

तेव्हा गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरशी या वर्षीचा ऑक्टोबर ताडून पाहू नका. दिवाळीआधीचे तीन आठवडे गेल्या दिवाळीआधीच्या तीन आठवड्यांशी ताडा. गणपती २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होते, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे सगळं पुन्हा पुढे सरकतं : गणपती १४ सप्टेंबरला, दिवाळी नोव्हेंबरात. परदेशी बनावटीच्या कुठल्याही तयार तक्त्यात हे आपोआप येत नाही.

मग प्रश्नावली. ती तर सगळेच करतात. गूगल फॉर्म केला, सोसायटीच्या, शाळेच्या मैत्रिणींच्या आणि माहेरच्या ग्रुपवर टाकला. १८६ उत्तरं आली. १४१ जणांनी 'नक्की घेईन' वर खूण केली. फॉर्मात नाव विचारलं होतं, त्यामुळे नंतर मला ताळा करता आला. पहिल्या तीन महिन्यांत त्या १४१ पैकी ३४ जणांनी घेतलं, आणि दुसऱ्यांदा घेतलं नऊ जणांनी. त्यांतल्या चार माझ्या मावश्या. कुणी खोटं बोललं असं मी म्हणणार नाही. 'घ्याल का?' असं ओळखीच्या बाईने विचारल्यावर 'नाही' म्हणणं आपल्याकडे उद्धटपणाचं समजलं जातं. प्रश्नच चुकीचा होता. आता मी विचारते : गेल्या आठवड्यात घरात कोरडा खाऊ कोणता आणला? कुठून? किती रुपयांचा? डब्यात अजून उरलाय का? याची उत्तरं द्यायला माणसाला सौजन्य लागत नाही, आठवण लागते.

खरं म्हणजे पुण्याला हे नव्याने शिकायची गरज नव्हती. डेक्कन जिमखान्यावर १९३० मध्ये सुरू झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३३ मध्येच पुण्यातल्या फळांच्या खरेदी-विक्रीची पाहणी पुस्तकरूपाने काढली होती. पुढे तिथल्याच धनंजयराव गाडगीळांची पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी १९४५ आणि १९५२ अशी दोन भागांत प्रसिद्ध झाली. ही प्रत्यक्ष माहिती गोळा करून केलेली कामं. मी त्या संस्थेवरून वीस वर्षं बसने गेले-आले, आणि बाजार समजून घ्यायला गादीवर पडून अंगठा फिरवत होते.

आजही फुकट मिळणाऱ्या सर्वांत भरवशाच्या माहितीकडे कुणी फिरकत नाही, कारण ती दिसायला रुक्ष असते. केंद्र सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयाची कौटुंबिक उपभोग खर्चाची पाहणी घ्या. २०२३-२४ च्या पाहणीनुसार शहरी भारतात दरमाणशी महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये, आणि त्यातला ११.०९ टक्के पेयं, अल्पोपाहार आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांवर. हिशेब मांडा. माणशी साधारण ७७६ रुपये, चौघांच्या घरात ३,१०० च्या आसपास. यात बाहेरचा चहा आला, बिस्किटं आली, वडापाव, फरसाण, शीतपेयं, सगळं आलं. मी माझ्या योजनेत धरलं होतं की प्रत्येक घर महिन्याला माझी ६०० रुपयांची पाकिटं घेईल. म्हणजे त्या सगळ्या खर्चाचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्या माझ्या चकलीला! पुण्यातलं घर देशाच्या सरासरीहून सढळ हाताचं धरलं तरी हे हास्यास्पद होतं. दहा मिनिटांचं गणित, पण ते केलं असतं तर सगळा मनोराच कोसळला असता, म्हणून बहुधा केलं नाही.

त्याऐवजी मी पैसे मोजून एक 'ट्रेंड रिपोर्ट' घेतला. कुणाकडून ते सांगत नाही. रंगीत पानं, प्रत्येक पानावर बाजार दर वर्षी अमुक टक्क्यांनी वाढणार, आणि ते टक्के कुठून आले याचा पत्ता नाही. एआय चॅटबॉटलाही विचारलं. त्याने मला 'आदर्श ग्राहक' घडवून दिला : हिंजवडीत नोकरी करणारी, योगासनं करणारी, वय २९. तिचं नावसुद्धा ठेवून दिलं. ती मला आजतागायत भेटलेली नाही. या साधनांचा उपयोग आहे. प्रश्नावलीची भाषा सुधारायला, शंभर अभिप्रायांतून तक्रारी वेगळ्या काढायला मी ती आजही वापरते. पण त्यांनी आकडा दिला की मूळ कागद मागायचा, आणि तो स्वतः उघडून बघायचा. नाही मिळाला तर आकडा खोडायचा.

आता ती खोकी.

नावासाठी मी नावं सुचवणारं एक ऑनलाइन साधन वापरलं. चार शब्द टाकले, दोनशे नावं आली. एक आवडलं. त्या नावाची वेबसाइट मोकळी होती, इन्स्टाग्रामवर ते कुणी घेतलेलं नव्हतं. मी समजले, नाव मोकळं आहे. छपाईवाल्याने समजावून सांगितलं होतं की अशा पाऊचला प्रत्येक रंगाचा वेगळा कोरलेला सिलिंडर लागतो, त्यामुळे थोडे छापणं परवडत नाही. आधी साध्या पाऊचवर लेबल चिकटवून बघा. मी ऐकलं नाही. लेबल चिकटवलेलं पाकीट 'घरगुती' दिसतं म्हणाले. चार रंग, चार सिलिंडर, दहा हजार पाऊच, ८२ हजार रुपये. जुलैच्या सुरुवातीला छापून आले. तुळशीच्या लग्नाच्या दिवशी पत्र आलं. खाद्यपदार्थांतल्याच एका जुन्या व्यवसायाचं तेच नाव होतं. त्यांच्या रोमन स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त, उच्चार एकच. नोंदणी माझ्या कितीतरी वर्षं आधीची. वकिलाने दोन मिनिटांत सांगितलं, "त्यांचं बरोबर आहे, ताई. थांबा."

हे टाळायला किती वेळ लागला असता, ते मी नंतर घड्याळ लावून बघितलं. चार मिनिटं. ट्रेडमार्क नोंदणीचा सार्वजनिक शोध आयपी इंडियाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. तिथे वर्ग निवडायचा. पीठ, मसाले, बिस्किटं, धान्याचा खाऊ हे वर्ग ३० मध्ये येतं. लोणची, बटाट्याचे वेफर, दुधाचे पदार्थ वर्ग २९ मध्ये. दोन्ही बघा. आधी शब्द जसाच्या तसा, मग उच्चारावरून शोधायची सोय आहे ती. मराठी नाव असेल तर रोमनमध्ये ते ज्या ज्या तऱ्हेने लिहिता येईल त्या सगळ्या तऱ्हा घाला : 'श'ला एस की एस-एच, 'ऋ'ला आर-यू की आर-आय, शेवटी ए आहे की नाही. नुसती नोंदलेली नावं बघू नका, प्रलंबित अर्जही बघा. 'पौष्टिक', 'शुद्ध', 'ज्वारी' असे मालाचं वर्णन करणारे शब्द एकट्याने नोंदवून घेणं फार अवघड, आणि नावं सुचवणारी साधनं नेमकी तसलीच नावं ढिगाने देतात. ऑनलाइन अर्जाची फी व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला दर वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. तपासणीतून पार पडलं की नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होतं आणि चार महिने कुणालाही हरकत घेता येते. नोंदणी झाली की दहा वर्षांची. गोलातलं आर हे चिन्ह नोंदणी होईपर्यंत लावायचं नाही, तोवर टीएम. आणि हे सगळं होईपर्यंत, हात जोडून सांगते, सिलिंडर कोरायला देऊ नका.

पत्रानंतर दोन महिने मी काहीच केलं नाही. दळण मात्र थांबत नाही. एकदा भाजणीचा डबा घेऊन कोपऱ्यावरच्या गिरणीत गेले. गिरणीवाले काका तीस वर्षं तिथे आहेत. सहज विचारलं, "काका, ज्वारीचं दळण वाढलंय का हो?"

"वाढलंय. पण दोन-दोन किलोचं. डॉक्टरांनी सांगितलेली माणसं. पाच किलोवाले तेवढेच आहेत." पट्ट्याकडे बघत ते पुढे म्हणाले, "खरी वाढ विचाराल तर थालीपिठाच्या भाजणीची. पूर्वी घरून भाजून आणायच्या. आता तरुण मुली येतात आणि विचारतात, तयार मिळेल का? रोज दोघी-तिघी. मी नाही म्हणतो."

रोज दोघी-तिघी पैसे घेऊन दारात येतात आणि परत जातात. असा आलेख मला कुठल्याच पडद्यावर दिसला नव्हता. मी पुढचा महिनाभर आसपासच्या आणखी पाच गिरण्यांत जाऊन बसले, वहीत खुणा केल्या. चार ठिकाणी हेच ऐकलं, तेव्हा तयार भाजणीच विकायची ठरवलं.

ऑनलाइन साधनं मी सोडलेली नाहीत. त्यांची जागा बदलली, एवढंच. आधी गिरणी, वाणी, भुसार बाजार. तिथे जे ऐकलं ते खरं का, हे बघायला मग पडदा. पुण्यातच गुलटेकडीला मुख्यालय असलेल्या राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजची आवक आणि दर बघते, म्हणजे ज्वारी कधी भरायची ते कळतं. मेटाच्या ॲड लायब्ररीत कुणाची कोणती जाहिरात चालू आहे आणि कधीपासून, हे कुणालाही बघता येतं. महिनोन् महिने चालू असलेली जाहिरात बहुधा पैसे मिळवून देत असते, आठवड्यात गायब झालेली देत नसावी, असा माझा ठोकताळा. खरेदीच्या ॲपवर पाच तारे आणि एक तारा दोन्ही सोडून देते, दोन-तीन तारेवाल्यांचं लिहिलेलं वाचते. तयार भाजणीबद्दल तिथे एकच रडगाणं होतं : धने-जिरे कमी, आणि पीठ फार बारीक. आमची भाजणी म्हणूनच जरा रवाळ दळलेली असते.

नव्या नावाचा अर्ज वर्ग ३० मध्ये दाखल केला आहे. तोवर साधा पाऊच, पांढरं लेबल, आणि त्यावर एवढंच : थालीपिठाची भाजणी, अर्धा किलो.